जाड दाराबाहेरचं गाणं

आवाज ओळखायला तिला क्षणही लागला नाही. वेळ लागला तो, हा आवाज गातो आहे हे मान्य करायला. ती तळमजल्यावर आली होती एका सहीसाठी. एरवी तिचं सगळं काम वरच्या मजल्यावर, बिलिंगच्या खोलीत, पडद्यासमोर. डॉक्टरांनी लिहिलेल्या नोंदी वाचायच्या आणि त्यात जे जे केलं म्हटलंय त्याला ठरलेला कोड लावायचा. नळी बसवली, त्याचा कोड वेगळा. किरणांचा आराखडा आखला, त्याचा वेगळा. प्रत्यक्ष किरण दिले, त्याचा आणखी वेगळा. कोड बरोबर असेल तर विमा कंपनी मान डोलावणार, नसेल तर सगळं परत. वर्षानुवर्षं ती किरणोपचार विभागाचेच कोड लावत होती, आणि त्यातही ब्रेकीथेरपीच्या, म्हणजे शरीराच्या आतून किरण देण्याच्या, फायली सगळ्यांनी मिळून तिच्या गळ्यात घातल्या होत्या, कारण त्या किचकट असतात आणि तिला किचकट आवडतं असा एक समज खोलीत पसरला होता. पण ज्या खोलीबद्दल ती रोज वाचायची ती खोली तिनं क्वचितच पाहिलेली. आज सहीचे डॉक्टर जागेवर नव्हते, कुणीतरी म्हणालं खाली बघा, म्हणून ती खाली आली, कॉरिडॉरच्या टोकाला वळली आणि थबकली. जाड दार बंद होतं, दारावरचा लाल दिवा लागलेला, म्हणजे आत उपचार चालू. दाराबाहेर काचेची छोटी खोली, तिचं दार अर्धवट उघडं, आणि आत, तिच्याकडे पाठ करून, माइकच्या बटणावर बोट ठेवून, तिचा नवरा गात होता.

मोठ्यानं नव्हे. शब्द कळत नव्हते, चाल तेवढी कळत होती. चार पावलं वर जाऊन परत खाली येऊन बसणारी, साधी, जुनी चाल. त्याच्या समोरच्या पडद्यावर आतली खोली दिसत होती. टेबलावर चादरीखाली एक बाई, आणि चादरीच्या खालून निघून एका चाकांच्या पेटीकडे गेलेल्या बारीक नळ्या. हे सगळं तिला पाठ होतं. त्या पेटीतून तारेच्या टोकाला बसवलेला तांदळाएवढा किरणांचा दाणा निघतो, नळीतून थेट गाठीपाशी जातो, ठरल्या जागी ठरलेला वेळ थांबतो आणि परत पेटीत येतो. मग दुसरी नळी, मग तिसरी. तेवढा वेळ आत कुणी थांबायचं नाही. डॉक्टर नाही, नर्स नाही, देव सोडून कुणी नाही. माणसानं आत एकट्यानं पडून राहायचं आणि हलायचं नाही. बाहेरून मशीन चालवणारा तंत्रज्ञ कॅमेऱ्यातून बघतो आणि माइकवरून बोलतो, हेही तिला माहीत होतं. नोंदीत एक वाक्य नेहमी असायचं, रुग्णाशी सतत संपर्क ठेवला, आणि त्या वाक्याला वेगळा कोड नसल्यामुळे तिची नजर त्यावरून घसरून जायची. सतत संपर्क म्हणजे हा. तिला वाटलं आपण इथं उभं राहू नये. तिला वाटलं आपण आत जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवावा. दोन्हीतलं काही न करता ती जिन्यानं वर आली, सही न घेता, आणि खुर्चीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की लिफ्ट समोर उघडी असताना आपण जिना चढलो.

हेवा. शब्द तिनं स्वतःशी लगेच उच्चारला. नाव द्यायची तिला सवयच होती. पण नाव दिल्यानं तो कमी झाला नाही. सवत म्हणावी तर ती चादरीखाली नळ्या लावून पडलेली. रागवावं तर कुणावर, त्या दाण्यावर? आजारी माणसाचा हेवा करणाऱ्याला देवसुद्धा दारात उभं करणार नाही, असं तिला वाटलं, आणि तसं वाटूनही हेवा जागचा हलला नाही. कारण तो आवाज तिचा होता. कुणी काही म्हणो, कायद्यानं, धर्मानं, बघितल्याच्या हक्कानं तिचा होता. तिचे सासरे गाऊन निरूपण करायचे. उभ्यानं, हातात काही न धरता, एक कथा घ्यायची, तिच्या आतून दुसरी काढायची, हसता हसता ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणायचं आणि नेमकं तेव्हा गायला लागायचं. ती लग्नाआधी जायची ऐकायला, आईबरोबर, मग आई नसतानाही. लोक पुढच्याकडे बघायचे आणि ती मागच्याकडे. मागे एक लाजाळू मुलगा उभा असायचा, वडिलांनी ओळ टाकली की पालुपद धरायचा. नुसतं धरायचा म्हणून भागत नाही. वडील दमले आहेत हे त्याला त्यांच्याआधी कळायचं आणि तो थोडा लवकर येऊन ओळ उचलायचा, असा की ऐकणाऱ्याला वाटावं बुवांनीच मुद्दाम सोडली. हे फक्त तिला दिसलं होतं. निदान तिचा असा समज होता, आणि तेवढ्या समजावर तिनं लग्न केलं. पुढे लग्नाच्या पहिल्या भाड्याच्या खोलीत तो भांडी घासताना गायचा, जिन्यात गायचा, कुलपात किल्ली फिरवताना गायचा. ती पुढच्या खोलीतून काहीतरी बोलायची, दुधाचं, विजेच्या बिलाचं, आणि तो तिच्या वाक्याचं शेपूट पकडून त्यालाच चाल लावायचा. दूध संपलं, दूध संपलं. ती म्हणायची, पुरे रे. पुरे म्हणताना आपण किती श्रीमंत आहोत हे तिला माहीत नव्हतं.

मग ते कधी थांबलं? भांडण झालं नाही, कुणी कुणाला काही बोललं नाही. तिनं कोडिंगची परीक्षा द्यायची ठरवली तो हिवाळा. टेबलावर ते जाडजूड ग्रंथ, प्रत्येक पानावर बारीक अक्षरात शरीराचा एकेक भाग आणि त्याचं जे जे करता येतं ते सगळं. तिला शांतता लागायची आणि त्यानं ती दिली. अशी दिली की स्वयंपाकघरात तो भांडी टॉवेलवर ठेवायचा, आवाज होऊ नये म्हणून. ती पास झाली, दोघं बाहेर जेवली, घरी आली, आणि शांतता तशीच राहिली. पाहुण्यांसाठी शेजाऱ्यांकडून आणलेली खुर्ची पाहुणे गेल्यावरही दिवाणखान्यात राहावी आणि हळूहळू तिच्यावर कपडे पडायला लागावेत, तशी. त्याच सुमारास सासरेही गेले. पुढे उभं राहणारं कुणी उरलं नाही, मग मागे कोण उभं राहणार, असं तिनं मनाशी लावून घेतलं होतं. गाणं त्याच्यातून गेलं, वयाबरोबर केस जातात तसं गेलं, असं. आणि आज कळलं, गेलं नव्हतं. रोज डब्याबरोबर ते हॉस्पिटलात जात होतं.

संध्याकाळी तो घरी आला, बूट काढले, चष्मा पुसला. ती त्याच्याकडे अशी बघत होती जशी एखाद्या नोंदीकडे बघावं, जिच्यात काहीतरी लिहायचं राहून गेलंय.

"आज कोण होतं खाली?" तिनं विचारलं.

"पेशंट होते."

"पेशंट असणारच. भाजीवाले थोडेच असणार."

तो हसला, पण ओठांतल्या ओठांत. "चार झाले. एक मशीन मधेच रुसलं होतं."

"रुसलेल्यांना मनवता येतं तुला?"

"मशीनला येतं," तो म्हणाला आणि पाणी प्यायला. मग, "गॅसवाल्याचा फोन आला होता का?"

गॅसवाल्याचा फोन आला होता. तिनं सांगितलं. दोघं जेवली. त्याच्या घशाकडे ती बघत राहिली, घास उतरताना जरासं वर जाऊन खाली येणाऱ्या त्या हाडाकडे, आणि तिला वाटलं, इतकं जवळून मी हे बघते आणि आतलं सगळं दुसरीकडे रिकामं होतं. तिच्या धंद्यात एक नियम आहे, पहिल्याच दिवशी शिकवतात तो: जे लिहिलेलं नाही ते झालेलंच नाही. डॉक्टरनं दहा टाके घातले असतील, लिहिले नाहीत तर घातले नाहीत. आपलं लग्न कुणी असं तपासायला घेतलं तर काय सापडेल, असं तिच्या मनात आलं. पाणी, गॅस, किल्ली, औषधाची गोळी घेतली का. सतत संपर्क ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती फाईल तिच्याकडे आली. येणारच होती, खालच्या सगळ्या फायली तिच्याकडेच येतात. तिला आधी वय बघायचं होतं आणि तिनं बघितलं. बाई तिच्याहून मोठी निघाली, चांगलीच मोठी. तिनं रात्रभर मनात एक तरुण, नाजूक, उशीवर केस पसरलेली कुणीतरी घडवली होती, आणि ती एका क्षणात मोडली. पण बरं वाटायच्या ऐवजी वाईटच वाटलं. रूपाचा हेवा समजता येतो. इथं तर हेवा करायला धड जागाही नव्हती. व्यवसायाच्या रकान्यात शिवणकाम होतं. गर्भाशयाच्या तोंडाची गाठ, एकूण तीन वेळा आतून किरण, त्यातले दोन देऊन झालेले, तिसरा आणि शेवटचा शुक्रवारी. तिनं नोंदी पहिल्यापासून वाचल्या, आणि जे शोधत नव्हती ते सापडलं, कारण काम करणाऱ्याचे डोळे मनाला विचारत नाहीत. पहिल्या वेळी एकच नळी वापरली होती, आणि विमा कंपनीची मंजुरीही एकाच नळीच्या उपचाराची होती. दुसऱ्या वेळी गाठीचा आकार बघून डॉक्टरांनी बेत बदलला, बाजूनं आणखी नळ्या घातल्या. दाणा जितक्या नळ्यांमधून फिरतो त्यांना चॅनेल म्हणतात, आणि चॅनेल किती त्यावर कोड बदलतो. कोड बदलला म्हणजे मंजुरी नवी हवी. नवी मंजुरी मागायची तर चॅनेल किती हे डॉक्टरांच्या नोंदीत आकड्यानं लिहिलेलं हवं. डॉक्टरांनी लिहिलं होतं, आणखी नळ्या बसवल्या. आणखी म्हणजे किती, हे लिहायचं राहिलं होतं.

अशा वेळची रीत साधी होती. फोन उचलायचा, खाली विचारायचं, खालचा माणूस मशीनवर बघून सांगतो आणि डॉक्टरांना धरून लिहून घेतो. चहा निवायच्या आत काम. दुसरी वाटही होती, आणि ती नियमाला जास्त धरून होती: संगणकावर डॉक्टरांच्या पेटीत लेखी प्रश्न पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. डॉक्टर त्या पेटीत आठवडा संपताना, तेही कुणी मागे लागलं तर, डोकावतात, हे अख्ख्या खोलीला ठाऊक होतं. तिनं लेखी प्रश्न पाठवला. वाक्यरचना दोनदा सुधारली. कृपया वापरलेल्या चॅनेलची संख्या नोंदवावी. पाठवल्यावर तिनं हात मांडीवर ठेवले आणि आपण काहीच चुकीचं केलेलं नाही याची खात्री करून घेतली, आणि खात्री पटायला जेवढा वेळ लागला त्यावरून तिला कळलं आपण काय केलंय ते. मंजुरी गुरुवार दुपारपर्यंत गेली नाही तर शुक्रवारची वेळ रद्द होणार. रद्द झाली तर पुढच्या आठवड्यात. आणि पुढच्या आठवड्यात त्याची पाळी बदलते. तो बाहेरून किरण देणाऱ्या मोठ्या मशीनवर जातो आणि ब्रेकीथेरपीला दुसरा कुणी येतो. एवढंच. ती बाई मरणार नव्हती. फक्त तिला आत पडल्यावर दुसरा आवाज ऐकू आला असता, बहुधा न गाणारा. पण त्याच फायलींमध्ये तिनं शेकडो वेळा हेही वाचलं होतं की या उपचारात मधलं अंतर वाढू देऊ नये, गाठ तेवढ्यात हात-पाय पसरते. हे वाक्य तिनं बाजूला सारलं. ते परत आलं. तिनं परत सारलं.

"ताई, तुमची नळ्यांची फाईल अडकलीय वाटतं," खिडकीवर बसणारी पोरगी बुधवारी म्हणाली. पेशंटच्या शंका तिच्या खिडकीपाशी येतात, आणि अडकलेलं काय ते तिच्या पडद्यावर पिवळं दिसतं.

"प्रश्न पाठवलाय."

"पेटीत?"

"हो."

"अहो ताई, पेटीत मी माझा रजेचा अर्जसुद्धा टाकत नाही. म्हातारी होईन वाट बघून." ती हसली, मग तिनं वळून नीट बघितलं. "करू का मी खाली फोन? तुमचेच मिस्टर आहेत ना खाली या आठवड्यात?"

"नको. नियमानं होऊ दे."

पोरगी पुन्हा खिडकीकडे वळली. तुमचेच मिस्टर. जिभेवर हे दोन शब्द ठेवून बघावेत तशी ती तिथं बसून राहिली, समोर दुसरी फाईल उघडी. मिस्टर तिचे होते यात शंका नव्हती. त्यांचे बूट तिच्या दारात होते, त्यांचा रक्तदाब तिला पाठ होता. पण त्यांच्यातला जो मागे उभा राहणारा मुलगा होता तो कुणाच्या तरी मागे जाऊन उभा राहिला होता, आणि ते कुणी म्हणजे ती नव्हती. संध्याकाळी घरी जाताना एका दुकानाच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला. ओठ आवळलेले. तिला आठवलं, सासरे निरूपणात कधी कधी मत्सराचं सोंग आणायचे, ओठ असेच आवळून, एक भुवई वर करून, आणि लोक पोट धरून हसायचे, तीही हसायची, शेजारणीच्या अंगावर पडून हसायची. हसणाऱ्यात आपण होतो तेव्हा किती सोपं होतं.

गुरुवारी सकाळी पोरगी खिडकीवरून उठून तिच्या टेबलापाशी आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, त्या बाई आल्यात. शुक्रवारचं विचारतायत. मी काय सांगू?" तिनं सांगायला हवं होतं की सांग, चौकशी चालू आहे. त्याऐवजी ती स्वतः उठली. खिडकीपलीकडे एक ठेंगणी, रुंद बाई उभी होती, डोक्याला स्कार्फ, आणि ब्लाऊजच्या खांद्याला एक सुई टोचलेली, दोऱ्यासकट, विसरून राहिलेली. तिला धरायला खिडकीची कड पुरत होती, पण ती घट्ट धरलेली होती.

"बसा ना," तिनं म्हटलं आणि बाहेर जाऊन तिच्या शेजारच्या बाकावर स्वतःही बसली.

"बसायचं जरा बेतानंच बाई मला," शिवणकामवाली म्हणाली आणि कडेवर टेकली. "शुक्रवारचं पक्कं आहे ना? काल फोन आला नाही म्हणून आले. मागच्या दोन्ही खेपेला दोन दिवस आधी आला होता."

"एक माहिती यायचीय. ती आली की."

"येईल ना?"

उलट, आपण विचारणार नाही असं ठरवलेलं असताना, तिनंच विचारलं, "आत कसं असतं?"

बाईनं तिच्याकडे पाहिलं. हॉस्पिटलातल्या माणसानं हा प्रश्न विचारावा याचं तिला नवल वाटलेलं दिसलं, पण आवडलेलंही दिसलं. "दुखत नाही फार. गुंगीत असतं माणूस अर्धवट. पण ते दार लागतं ना, तेव्हा वाटतं झालं, आता विसरले आपल्याला. आयुष्यभर लोकांची मापं घेतली मी, कुणाला म्हटलं नाही हलू नका म्हणजे काय असतं ते. आता कळलं." ती हसली. "पहिल्या खेपेला मी बाहेरच्या त्या माणसाला म्हटलं, बोलत राहा हो काहीतरी, आवाज येऊ दे. तर बिचाऱ्याला बोलताच येईना. म्हणतो, माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही. मी म्हटलं, मग गुणगुणा. मला बाई गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. माझ्या मशीनचा खडखड आवाज तेवढा कळतो. पण तो गायला लागला आणि मला कळलं की हाही घाबरलाय. मला आत ठेवून हा बाहेर घाबरलाय. म्हटलं गाऊ दे. मग मीच आतून त्याला हं म्हणत राहिले."

"हं म्हणत?"

"मग काय. गाणाऱ्याला कुणीतरी हं म्हणायला लागतं. दुसऱ्या खेपेला म्हटलं त्याला, घरचे नशीबवान आहेत तुमचे. तर म्हणतो कसा, घरी शांतता लागते. तक्रार नव्हती हं त्यात. कौतुकानं म्हणाला. ती फार बारीक काम करते, म्हणाला. एक अक्षर चुकलं तर माणसाचं अडतं, म्हणाला, तिचं चुकत नाही." बाईनं स्कार्फ सारखा केला. "पुढच्या आठवड्यात तो नसतो म्हणे. दुसरा असेल, तोही चांगलाच असेल, न असायला काय झालं. पण यानं मला दोनदा आत पाठवून दोनदा परत आणलंय. म्हणून आपलं विचारायला आले."

ती उठून आत आली. खुर्चीत बसली. आता वितळायला हवं होतं. एखाद्या कथेत या ठिकाणी माणूस वितळतो आणि गायला सुरुवात होते. पण जे आलं ते वेगळंच होतं. ती फार बारीक काम करते. एवढं एक वाक्य त्या माणसाकडे तिच्याबद्दल होतं, भांड्यांखालच्या टॉवेलाइतकं मऊ, आणि ते तिला मिळालं नाही. ते काचेतून, तारेतून, जाड दारातून जाऊन दुसऱ्या बाईच्या कानात पडलं. हेवा कमी झाला नव्हता, उलट आता त्याला तिचंच नाव होतं. तिला त्या बाईचा हेवा वाटत होता कारण त्या बाईला त्याची बायको भेटली होती, जिचं चुकत नाही ती, आणि ती स्वतः तिला कधी भेटली नव्हती. आणि तिचं चुकलं होतं. मुद्दाम, नियमानं, वाक्यरचना सुधारून. एक माणूस बाहेर बाकाच्या कडेवर टेकला होता, खांद्याला सुई, आणि त्याचं अडलं होतं. समोर पडद्यावर फाईल पिवळी होती. घड्याळात दुपार व्हायची होती, पण फार नाही.

तिनं फोन उचलला. खालचा नंबर लावताना तिच्या मनात आलं, दुसऱ्या कुणी उचलला तर बरं. आणि लगेच, दुसऱ्या कुणी उचलू नये.

"बोला," त्याचा आवाज आला.

तिनं घसा साफ केला आणि तिचा कामाचा आवाज लावला, परक्या कचेऱ्यांशी बोलताना लावते तो. "बिलिंगमधून बोलतेय. शुक्रवारच्या पेशंटच्या मागच्या खेपेच्या नोंदीत चॅनेलची संख्या नाहीये. आज दुपारपर्यंत मंजुरी पाठवायचीय."

"थांबा हं, बघून सांगतो." आणि तिनं ऐकलं तो आवाज घरचा नव्हता. घरचा आवाज कामापुरता असतो. हा सावकाश होता, जागा सोडून बोलणारा, समोरचा माणूस कुठे उभा आहे हे चाचपून मग शब्द ठेवणारा. कळा दाबल्याचा आवाज. "पाच आहेत. मधली एक आणि बाजूच्या चार. डॉक्टर इथंच आलेत, त्यांना आत्ता लिहायला सांगतो, तुम्ही फोन ठेवू नका, दिसलं की सांगा." पलीकडे तो कुणाशी तरी बोलला. ती रिसीव्हर कानाला लावून पडद्याकडे बघत राहिली. नोंदीत एक ओळ वाढली. आणखी नळ्या, एकूण चॅनेल पाच. खाली डॉक्टरांचं नाव आणि वेळ. तिनं एका हातानं कोड बदलला, मंजुरीचा अर्ज भरला आणि पाठवला. पिवळं गेलं. खिडकीवरच्या पोरीनं मान वळवून बघितलं, उठली आणि बाकाकडे गेली.

"दिसलं का?" त्यानं विचारलं.

"दिसलं. गेलं."

"छान. त्या बाई काळजीत असतील."

"आल्यात इथं. सांगितलं त्यांना."

आता फोन ठेवायचा. काम संपलं होतं. तिनं ठेवला नाही. "आणखी एक," ती म्हणाली, त्याच परक्या आवाजात. "एका चॅनेलमधून दाणा परत आल्याशिवाय दुसऱ्यात जात नाही ना? म्हणजे, एका वेळी एकाच?"

"एका वेळी एकाच," तो म्हणाला. "मशीन मोजूनमापून पाठवतं. आधी रिकामी तार जाऊन वाट मोकळी आहे का बघून येते. मग खरी जाते."

"आणि मधे काही झालं तर?"

"तर आपोआप परत येते. लाइट गेले तरी परत येते. हातानंही ओढून आणता येते. आत कुणी राहत नाही." हे त्यानं असं सांगितलं की तिला आपण चादरीखाली पडलो आहोत आणि हलायचं नाही असं वाटलं. तिनं डोळे मिटले. तिला या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माहीत होतं. हे सगळं त्या जाडजूड ग्रंथात होतं, त्या हिवाळ्यात तिनं पाठ केलेलं, तो पलीकडे टॉवेलवर भांडी ठेवत असताना.

"आणि तुम्हाला बाहेर," ती म्हणाली, आणि आवाज थोडा निसटला, "तुम्हाला बाहेर सगळं दिसतं?"

पलीकडे कुठंतरी एक दार लागलं, कुणाचे तरी बूट वाजत गेले. मग तो अगदी जवळून बोलावं तसं बोलला.

"हे सगळं तुला माहीत आहे," तो म्हणाला.

तक्रार नव्हती त्यात. मग तिनं कबूल केलं. "हो."

"मला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारत होतीस ना," तो म्हणाला. "पुढचा पेशंट यायला वेळ आहे. विचार अजून."

तिनं खुर्ची भिंतीकडे वळवली, खोलीला पाठ केली, आणि फोनची वायर बोटाला गुंडाळून घेतली. नळी कशाची असते, तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. पेटी कुठं बंद करतात, तिनं विचारलं. हं, ती म्हणाली, तो सांगत असताना, मधेच, आणि तो पुढं सांगत राहिला. उत्तर माहीत असलेले प्रश्न तिच्याजवळ आता थोडेच उरले होते.